शॉपफ्लोअरवर नवीन पद्धत आणायचीय, सगळे 'हो साहेब' म्हणतात आणि करत कोणीच नाही

भोसरीचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत प्रॉडक्शन बघतो. सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) काम, फ्लँज, बुश, स्पेसर असले जॉब, माणसं पस्तीसेक. आधी कस्टमर एकेका पार्टची दोन-अडीच हजारांची ऑर्डर द्यायचा, एकदा सेटिंग लागलं की मशीन दोन-तीन दिवस निवांत चालायचं. आता तोच कस्टमर तीनशे-चारशे पीस मागतो, तेही आज हा पार्ट उद्या तो, त्यामुळे मशीन चालतं कमी आणि सेटिंगलाच उभं राहतं जास्त. एका सेटिंगला दोन तास, कधी अडीच. जॉ (मशीनच्या चकवर बसणारे, पार्ट पकडणारे जबडे) बदला, सॉफ्ट जॉ बोअर करा, टूल लावा, ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) घ्या, पहिला पीस काढा, तो क्वालिटीकडे न्या आणि पास होईपर्यंत बसा.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे काम मशीन चालू असताना उरकता येतं ते मशीन थांबवून कशाला करायचं. पुढच्या जॉबचे जॉ, इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं), गेज, ड्रॉइंग एका ट्रॉलीवर आधीच आणून ठेवा आणि प्रत्येक पार्टचं एक सेटिंग शीट बनवा म्हंजे दर वेळी नव्याने डोकं चालवायला नको. यात मी काही शोध लावलेला नाही, टोयोटात १९६९ साली हजार टनी प्रेसचा सेटअप बदलायला चार तास लागायचे ते शिगेओ शिंगो या जपानी इंजिनीअरनी आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणून दाखवले, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. मला तीन मिनिटं नकोयत, एक तास झाला तरी पेढे वाटीन.

मालकांकडून ट्रॉली मंजूर करून घेतली, शीटचा फॉरमॅट केला, शनिवारी दुपारी सगळ्यांना बसवून प्रेझेंटेशन दिलं, व्हिडिओ दाखवले, समोसे मागवले. समोसे संपले. सोमवारी ट्रॉलीवर कोणाचा तरी डबा आणि हेल्मेट.

आता खरी अडचण सांगतो. आमच्याकडे एक सेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे. कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट, किती फीड, ऑफसेट किती, कुठल्या जॉला किती पॅकिंग, हे सगळं त्यांच्या एका डायरीत आहे. छोटी काळी रेक्झिनची डायरी, कूलंटने पानं फुगलेली, कायम वरच्या खिशात. मी म्हटलं मामा, डायरीवरून शीट भरून टाकू, तर म्हणतात भरू की साहेब, उद्या बसू. तो उद्या काही उजाडत नाही. भांडत नाहीत, वाकडं बोलत नाहीत, तेच जास्त अवघड जातंय. पोरं सगळी मामांकडे बघून चालतात. आणि मालक म्हणतात तू समजाव ना त्यांना, इंजिनीअर आहेस. मी अठ्ठावीस वर्षांचा, मामांची नोकरीच जवळजवळ तेवढी झालीय.

तर नवीन गोष्ट लोकांच्या गळी कशी उतरवायची? जबरदस्ती करायची नाहीये. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा, मॅनेजमेंटची पुस्तकी उत्तरं माझ्याकडे पण आहेत.

---

वडाची_साल

समोसे कशाला, भोसरीत आहात ना, वडापाव द्यायचा. पहिली चूक तिथेच.

---

ग्राइंडरवाला

बाळ्या, मी टूलरूममधून रिटायर झालोय, चिंचवडला होतो. तुझ्या पोस्टमध्ये सगळं आलंय, फक्त एक गोष्ट आली नाही. सेटिंगचा दीड तास वाचला तर त्या दीड तासाचं पुढे काय होणार?

तू हे लिहिलं नाहीस कारण तुला तो प्रश्न पडला नाही, ऑपरेटरला तो पहिल्या मिनिटाला पडतो. आज शिफ्टचा नॉर्म (ठरवून दिलेलं काम) शंभर पीस असेल तर वेळ वाचला की नॉर्म एकशे तीस, पगार तोच. इन्सेंटिव्ह असेल तर नॉर्म वाढला की तोही हातचा गेला. आणि ओव्हरटाइम? सेटिंगपायी काम मागे पडतं म्हणूनच तर रविवारी बोलावतात, त्या रविवारच्या पैशावर कोणाचा गाडीचा हप्ता चाललाय, कोणाच्या पोरीची क्लासची फी. तू जपानी व्हिडिओ दाखवत होतास तेव्हा समोरचे हप्ता मोजत होते.

आमच्या वेळेला टाइम स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन शॉपमध्ये शिरला की अख्खी लाईन आपोआप हळू व्हायची, कोणी कोणाला सांगायला लागत नव्हतं. कारण एखाद्याने जोशात येऊन जास्त पीस काढून दाखवले की तोच सगळ्यांचा नॉर्म व्हायचा, आणि मग त्या हुशार गड्याशी महिनाभर कोणी चहा प्यायचं नाही. याला तुम्ही लोक 'बदलाला विरोध' म्हणता. आम्ही हिशोब म्हणायचो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं बघ. पगार, कामाचे तास, शिफ्ट असल्या गोष्टी बदलायच्या असतील, किंवा माणसं कमी होतील अशी सुधारणा यंत्रात-पद्धतीत आणायची असेल तर एकवीस दिवस आधी नोटीस द्यायची. युनियनवाले त्याचा कधीकधी फायदा उठवायचे हे मी नाकारत नाही, मी पण त्यातलाच. पण मुळातली गोष्ट बरोबर होती, आधी सांगा मग बदला. तुझ्या ट्रॉलीला नोटीस लागते असं म्हणत नाहीये मी, उगाच मालकाला घाबरवू नकोस.

आणि मामांचं म्हणशील तर ती डायरी म्हणजे त्यांची एफडी आहे. ती तू मुदतीआधी मोडून मागतोयस, आणि बदल्यात देतोयस समोसा. उद्या त्या शीटवरून आयटीआयचा पोरगा सेटिंग लावायला लागला तर मालक मामांना कशासाठी जास्त पगार देणार? हे उत्तर आधी शोध. मालकाकडून शोध, मामांकडून नाही.

---

भोसरीचा_बाळ्या

काका, ओव्हरटाइमचं खरंच आहे, रविवार बंद झाले तर दोघातिघांना जाणवेल. पण नॉर्म वाढवायचा माझा विचारच नाहीये, मला फक्त डिलिव्हरी वेळेवर हवीय, कस्टमर रोज फोन करतो. मी हे त्यांना सांगितलं तर विश्वास ठेवतील ना?

---

ग्राइंडरवाला

तुझा विचार नसेल. तू दोन वर्षांनी दुसरी कंपनी पकडशील, नॉर्म इथेच राहील. मालकाच्या तोंडून येऊ दे.

---

ओटीतली_सिस्टर

माझं क्षेत्र वेगळं आहे पण वाचताना सारखं आमचंच कोणीतरी लिहितंय असं वाटत होतं म्हणून लिहिते.

ऑपरेशन थिएटरमध्ये डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट असते, एकोणीस मुद्द्यांची, एका पानाची. भूल द्यायच्या आधी एकदा, चिरा घ्यायच्या आधी एकदा आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी एकदा असं तीनदा थांबून मोठ्याने विचारायचं. पेशंट कोण, कुठली बाजू, अ‍ॅन्टिबायोटिक दिलं का, शेवटी मॉप आणि इन्स्ट्रुमेंट मोजून बरोबर आलेत का. डॉ. अतुल गावंडे यांच्या टीमने ती आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून पाहिली, त्यात आपलं दिल्ली पण होतं, आणि २००९ साली आकडे छापून आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, आणि कॉम्प्लिकेशन ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने. पुढे कॅनडात ओंटारिओ प्रांतात सरकारने ती सगळ्या हॉस्पिटलांना सक्तीची केली, शंभरेक हॉस्पिटलं, २०१४ ला त्यांचा अभ्यास आला तर म्हणण्यासारखा फरकच नाही. आणि गंमत म्हणजे कागदोपत्री चेकलिस्ट जवळपास शंभर टक्के केसेसमध्ये 'भरलेली' होती. त्याची कारणं काय यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात, मला विचाराल तर मी जिथे आधी होते तिथे काय चालायचं ते बघितलंय म्हणून मला नवल वाटलं नाही.

तिथे वरून सर्क्युलर आलं, उद्यापासून चेकलिस्ट. म्हणजे काय तर केस संपल्यावर सगळ्यात ज्युनिअर सिस्टरने पेन घेऊन सगळ्या टिका एका दमात करायच्या. चिरा घेण्याआधीच्या टिका टाके घालून झाल्यावर! फाईल एकदम चकाचक. कोणी मोठ्याने वाचायला गेलं तर सर म्हणायचे सिस्टर शाळा भरवू नका, पेशंट टेबलवर आहे.

आत्ता जिथे आहे तिथे एक सिनिअर ऑर्थो सर आहेत, खूप तापट, सगळे टरकून असतात. त्यांनी एक दिवस स्वतःच सांगितलं की टाइम-आउट (चिऱ्याआधी थांबून यादी वाचणं) झाल्याशिवाय सिस्टरने मला ब्लेड द्यायचं नाही, मी मागितलं तरी द्यायचं नाही. आणि खरंच एकदा घाईत त्यांनी हात पुढे केला, आमच्या स्क्रब सिस्टरने ब्लेड ट्रेतच ठेवलं आणि गप्प उभी राहिली. अख्खं थिएटर शांत, आम्हाला वाटलं आता फुटतात. सर दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, बरोबर आहे, वाचा. झालं. त्यानंतर बाकीच्या सर्जननी एक शब्द काढला नाही, जे हे सर करतात ते न करणं म्हणजे कमीपणा.

त्या यादीत एक मुद्दा आहे की सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. सुरुवातीला सगळे हसायचे, आम्ही काय अनोळखी आहोत का. पण आमच्या ओटीतल्या अटेंडंट काकांचं खरं नाव बऱ्याच डॉक्टरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि नाव घेऊन झालं की माणूस बोलतो हो, 'सर ती बाजू डावी आहे ना' हे म्हणायला तोंड उघडतं.

तुमचे मामा म्हणजे आमचे ते ऑर्थो सर आहेत. ते बाकीच्यांना वळवतील, तुम्ही नाही.

---

आकडेमोड

पुस्तकी नको म्हणालात तरी एक पुस्तकी देतो कारण ते कारखान्यातलंच आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियात मॅरियन गावी हारवूड नावाची पायजमे शिवणारी कंपनी होती, पीस-रेटवर काम. तिथे कामाची पद्धत जराशी बदलली की बायका वैतागायच्या, उत्पादन पडायचं, नोकरी सोडून जायच्या. कॉख आणि फ्रेंच या दोघांनी प्रयोग केला आणि १९४८ साली छापला. एका गटाला नेहमीसारखं सांगितलं की उद्यापासून पद्धत अशी, दर असा, शंका असतील तर विचारा. दोन लहान गटांना आधीच बोलावून खर्च का कमी करायचाय ते वस्तू दाखवून सांगितलं, मग कुठली हालचाल काढता येईल, दर कसा ठरावा यात त्यांनाच घेतलं. पहिल्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही आणि चाळीस दिवसांत १७ टक्के बायका सोडून गेल्या. दुसऱ्या गटांचं दोनेक दिवस पडलं, मग आधीपेक्षा साधारण १४ टक्के वर गेलं, सोडून कोणी गेलं नाही.

आता हुरळून जाण्याआधी दुसरी बाजू. ते गट सात-आठ जणींचे होते. फ्रेंच यांनीच पुढे नॉर्वेतल्या एका बुटांच्या कारखान्यात तसाच प्रयोग केला, १९६० ला छापला, तर उत्पादनात फरक पडला नाही. तिथल्या कामगारांना अशा बाबतीत आपल्यातर्फे युनियनने बोलावं हेच रास्त वाटत होतं, व्यवस्थापनाने अचानक प्रेमाने बोलावून 'तुमचं मत सांगा' म्हणणं नाही. म्हणजे मीटिंग घेतली की काम झालं असं समजू नका, ज्या गोष्टीचा त्यांच्याशी संबंध आहे त्यातच त्यांचा शब्द चालला पाहिजे. ट्रॉलीचा रंग कुठला हे विचारून उपयोग नाही, दराचं विचारा.

जाता जाता, शिंगोंची गोष्ट तुमच्या प्रेसच्या बऱ्याच आधी सुरू होते. १९५० साली हिरोशिमात टोयो कोग्योत (आजची माझ्दा) ते सेटिंग बघत उभे होते, तर डाय बसवायचा एक बोल्टच सापडेना. कामगार तासाभराने घामाघूम होऊन बोल्ट घेऊन आला, सापडला का विचारलं तर म्हणे नाही, शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट घेतला आणि कापून, आटे पाडून आणला. आता शेजारच्या मशीनचं सेटिंग निघेल तेव्हा काय होणार! शिंगोंना जे सुचलं ते त्या बोल्टपाशी उभं राहून सुचलं, प्रेझेंटेशन करताना नाही.

---

व्हीएमसी_थर्ड_शिफ्ट

सर मी ऑपरेटर आहे चाकणला, मोबाईलवरून टाईप करतोय चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या पूर्ण पोस्टमधे असं एकदा पण नाही की मी मामांना विचारलं की मामा तुमचा वेळ कुठं जातो. तुम्ही उत्तर घेऊनच आलात. प्रत्येक नवीन इंजिनीअर सर उत्तर घेऊनच येतात, एक जण फाईव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी लावायची पद्धत) घेऊन आले, ते गेले मग दुसरे आले त्यांनी वेगळे बोर्ड लावले, आम्ही जुने बोर्ड काढून नवे लावायला शिडी धरली. आम्हाला माहीत असतं हे सहा महिने चालणार, मग हो म्हणायला काय जातं.

मी मागच्या कंपनीत होतो तिथं एक पार्ट उलटा बसायचा फिक्स्चरमधे, दोन्हीकडून सारखा दिसायचा, रात्री झोपेत दोन-चार पीस उलटे लागायचेच आणि रिजेक्शन आमच्या नावावर. मी सांगितलं की इथं एक छोटा पिन मारा, उलटा लावला तर बसणारच नाही. मारला पिन. रिजेक्शन बंद. मग त्याचं कायझेन (सुधारणेचं) शीट झालं, पोका-योके (चूक होऊच न देणारी युक्ती) म्हणून बोर्डवर फोटोसकट लागलं, खाली नाव इंजिनीअर सरांचं. मला एक पेन दिला. त्यानंतर पण मला सुचायचं सर, रोज सुचायचं, पण सांगितलं नाही. सांगून काय करू, पेन आहे माझ्याकडं.

अजून एक, तुमचे दोन तास म्हणताय त्यातला खरा सेटिंगचा वेळ किती ते बघा. आमच्याकडं पहिला पीस क्यूसीच्या (क्वालिटीच्या) टेबलवर पडलेला असतो आणि क्यूसीवाले जेवायला. थर्डला तर क्यूसीचा माणूसच नसतो, सकाळपर्यंत मशीन उभं नाहीतर रिस्कवर चालवा. त्या वेळेला सेटर काय करणार, तंबाखू मळत बसणार, आणि वरून कॅमेऱ्यात बघून म्हणणार सेटर बसून आहे.

---

लेजरकीपर

वरच्या तरुणाने लाख बोलला. पेनवरून आठवलं म्हणून आमच्या वेळचं सांगतो, मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, कोल्हापूर भागात.

बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर केवढा गदारोळ होता ते आजच्या मुलांना खोटं वाटेल, दंडाला काळ्या फिती लावून आम्ही काउंटरवर बसलोय. शेवटी १९८३ साली आयबीए (बँकांची संघटना) आणि युनियनमध्ये यंत्रीकरणाचा करार झाला, कुठल्या शाखेत काय बसवायचं याला मर्यादा घालून, आणि त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेची रंगराजन समिती नेमली गेली, १९८४ ला तिचा अहवाल आला. शाखांमध्ये पहिल्यांदा आलं ते एएलपीएम, म्हणजे लेजर पोस्टिंगचं मशीन. आमच्या शाखेत ते आलं तेव्हा मॅनेजरसाहेबांनी भाषण केलं, देश एकविसाव्या शतकात वगैरे. कोणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे मशीनवर बसणाऱ्याला विशेष भत्ता. भत्ता जाहीर झाला आणि कालपर्यंत 'मशीनला हात लावणार नाही' म्हणणारे सिनिऑरिटी लिस्ट उघडून बसले, की नंबर माझा लागतो की त्याचा. मी हसत नाहीये हं त्यांना, माझाही अर्ज होता.

दुसरी गोष्ट बॅलन्सिंग. ज्यांनी हाताने लेजर जुळवलंय त्यांनाच कळेल. सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी जुळली पाहिजे, आणि ती जुळायची नाही. कधी नऊचा फरक, म्हणजे कोणीतरी आकडे उलटे लिहिले, ४५ चे ५४, मग ते शोधा. घरी निरोप पाठवायचा जेवून घ्या म्हणून. त्या सहामाहीला ज्या खात्यांचं पोस्टिंग मशीनवर होतं ती संध्याकाळी जुळली आणि तो गृहस्थ सायकलला टांग मारून निघाला, आम्ही बाकीचे खिडकीतून बघतोय. त्याच्या पाठीकडे बघून जेवढे कॉम्प्युटरवादी झाले तेवढे कुठल्या भाषणाने झाले नसते.

म्हणून म्हणतो सगळीकडे एकदम नको. एक मशीन घ्या, आणि जो आधी तयार होईल त्याला त्याचा फायदा सगळ्यांच्या देखत मिळू द्या. लवकर घरी जाऊ दिलंत तरी चालेल.

---

वडाची_साल

आयटीत पण हेच. फक्त समोश्याच्या जागी पिझ्झा.

---

नाना_शंका

सगळे धरूनच चाललेत की बाळ्याची आयडिया बरोबर आणि लोकांना फक्त पटवायचंय. शीटवर ऑफसेट लिहून ठेवला तरी जॉ परत बसवल्यावर तो तसाच लागतो का? सॉफ्ट जॉ काढून लावले की परत हलका कट घ्यावाच लागतो, टूलची झीज वेगळी, कास्टिंगचा लॉट वेगळा. मामा शीट भरत नाहीत याचं एक कारण हेही असू शकतं की त्यांना माहितीये शीटवरचा आकडा खोटा ठरणार आहे, आणि खोटा ठरला की बोल त्यांनाच. विरोध करणारा माणूस फुकटचा इन्स्पेक्टर असतो, आधी त्याचं रिजेक्शन वाचा.

---

भोसरीचा_बाळ्या

सगळ्यांचे आभार, मधे ऑडिट होतं म्हणून लिहायला जमलं नाही. काय झालं ते सांगतो.

थर्ड शिफ्टवाल्या दादांचं वाचून मी स्टॉपवॉच वगैरे काही न घेता एका पूर्ण सेटिंगला मामांच्या बाजूला उभा राहिलो, नुसतं पाना-अ‍ॅलन की दे, चिप साफ कर, असं हाताखाली. मशीन उभं होतं त्यातला जवळजवळ निम्मा वेळ मामांच्या हातात कामच नव्हतं. पहिला पीस क्वालिटीत पडून, प्लग गेज दुसऱ्या मशीनवरच्या पोराने नेलेला, आणि बोअरिंग बारचा स्लीव्ह कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे यावर तिघांची तीन मतं. मी म्हटलं मामा हे रोजचंच का, तर म्हणाले साहेब तुम्ही शनिवारी पिक्चर दाखवला तेव्हा हेच म्हणणार होतो, पण तुम्ही म्हणालात प्रश्न शेवटी घेऊ, आणि शेवटी समोसे आले.

नानांचं पण बरोबर निघालं. ऑफसेटचा रकाना मामांनी काढायलाच लावला, म्हणाले तो आकडा लिहिलात तर एक दिवस कोणीतरी डोळे मिटून टाकेल आणि टूल चकवर आपटेल. त्याऐवजी प्रत्येक जॉच्या जोडीवर पंचने नंबर मारायचा, कुठल्या पार्टचा ते लिहायचं आणि चकच्या कुठल्या खाचेला लावायचा त्याची खूण. हे त्यांच्या डोक्यात केव्हापासून होतं, पंच मागितला होता, तेव्हा स्टोअरने दिला नव्हता. किती रुपयाचा तो पंच!

मालकांशी बोललो, काकांनी सांगितलं तसंच. आधी म्हणाले यांना काय सांगायचं त्यात, काम करायला ठेवलेत. मग डिले झालेल्या ऑर्डरींची लिस्ट समोर ठेवली आणि कस्टमर दुसरा व्हेंडर बघतोय हेही सांगितलं, तेव्हा ऐकलं. सगळ्यांसमोर बोलले की या वर्षात नॉर्म बदलणार नाही आणि मामांना सेटर-ट्रेनर म्हणून वेगळा भत्ता. रविवारच्या ओव्हरटाइमचं काही बोलले नाहीत, ते मी विचारलं पण टाळलं.

सध्या एकाच मशीनवर चालू केलंय, फक्त फ्लँजचे जॉब. क्वालिटीच्या मॅडमनी पहिल्या पीससाठी मशीनजवळच टेबल टाकायचं कबूल केलं, त्यांनाही पीस घेऊन येणाऱ्यांची रांग नकोच होती म्हणे, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सेटिंग सव्वा तासाच्या आसपास येतंय, एखाद्या दिवशी परत दोन तास होतात. थर्डला अजून क्यूसी नाही, तो प्रश्न आहे तिथेच आहे. शेजारच्या मशीनवरच्या एका पोराने आपणहून विचारलं की आमच्या जॉला कधी नंबर मारणार, बाकीचे अजून लांबूनच बघतायत. दोघं तर उघड नाराज आहेत, रविवार जाणार म्हणून, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाहीये.

डायरी खिशातच आहे. मामा पान दाखवत नाहीत, डायरी स्वतःकडे उघडी धरून तोंडी सांगतात आणि मी लिहून घेतो. शीटच्या खाली 'तयार करणारे' मध्ये त्यांचं नाव टाकलं, माझं 'टायपिंग' मध्ये. त्यांनी ते शीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून स्वतः मशीनला लावलं आणि ज्या पोराने त्यावर चहाचा कप ठेवला त्याला असला झापला की विचारू नका.

---

ओटीतली_सिस्टर

वा! आता मामा सुट्टीवर असतील त्या दिवशी काय होतं तेवढं बघा. आमच्याकडे सर फॉरेनला गेले की पहिल्या दोन दिवसांतच कळतं चेकलिस्ट कोणाची आहे ती.

---

व्हीएमसी_थर्ड_शिफ्ट

नाव टाकलं ते भारी केलं सर. थर्डच्या क्यूसीचं असं करा, मामा ज्याला पास करतील अशा दोन सिनिअर ऑपरेटरना फर्स्ट पीस अप्रूव्हलचं ट्रेनिंग द्या, पीसवर टॅग लावून सही करून ठेवतील, सकाळी मॅडमनी परत चेक करायचा. आमच्याकडं आता असंच आहे. पण त्यात उलटा बळी ऑपरेटरचा जाऊ शकतो, पीस रिजेक्ट निघाला तर कोणाच्या नावावर ते आधी ठरवा, नाहीतर कोणी सही करणार नाही आणि मी पण करू नका म्हणीन.

---

ग्राइंडरवाला

नॉर्म बदलणार नाही आणि मामांना भत्ता, हे दोन्ही कागदावर आलं का?

---

भोसरीचा_बाळ्या

नाही काका. मालक म्हणाले शब्द दिलाय ना, लेटर दिवाळीनंतर काढू.

---

ग्राइंडरवाला

कुठल्या दिवाळीनंतर, ते विचारून ये.